तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

आये, मी तुला दोनदा विचारलं. एकदा महाडला डॉक्टरांच्या खोलीत आणि एकदा दासगावला आपल्या ओटीवर. दोन्ही वेळेला तू "नको" म्हणालीस आणि दोन्ही वेळेला मी "बरं" म्हटलं. त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चुलीवर पाणी ठेवून तू भिंतीला टेकून बसलीस, ती पुन्हा उठली नाहीस. पाणी आटून भांडं करपल्याचा वास बाहेर गेला तेव्हा शेजारची कमळाकाकी आत आली.

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. वाडीतली सगळी माणसं आली होती. तीन जणांनी भाषणं केली आणि तिघांनीही तू किती मानी बाई होतीस ते सांगितलं. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, कुणाच्या दारात मिंधी झाली नाही, पोरांनाही तसंच वाढवलं. हे शेवटचं म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मी मान हलवत होते. माझ्यावरचा गुन्हा कुणीतरी माइकवर वाचून दाखवतंय आणि लोक डोळे पुसतायत, असं मला वाटत होतं.

परक्या माणसाला हे सांगायला गेलं तर तो हसेल, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. आपल्या घरात एक नियम होता. कुणी काही देऊ केलं, मग तो चहा असो, भाकरी असो की पोरांच्या हातावर ठेवायचा गुळाचा खडा असो, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच हात पुढे करायचा. बाकीच्या आया पोरांकडून पाढे घोकून घेतात तसं तू मला आणि धाकट्या मिलिंदला समोर बसवून हे घोकून घेतलंस. "पैल्यांदा इचारतात ती रीत. दुसऱ्यांदा इचारतात ते शेजारचं कोनतरी बगतंय म्हणून. तिसऱ्यांदा इचारलं तर समजायचं मनातनं इचारलंय. तवा घ्यायचं." मी सहा वर्षांची होते आणि मिलिंद चार. पोट रिकामं असताना तीनपर्यंत मोजायला फार वेळ लागतो, हे मी पहिलीत जायच्या आधीच शिकले.

हा नियम तुझ्या डोक्यात कुठून आला ते तू कधी सांगितलं नाहीस. तुझी थोरली बहीण, माझी मावशी, तिनं सांगितलं, तेही माझं लग्न झाल्यावर. तू लहान असताना तुमच्या गावात एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लग्न होतं. तुम्ही दोघी तुमच्या आईबरोबर गोठ्यामागे बसून होतात, सगळ्या पंगती उठेपर्यंत. मग एक बाई उरलंसुरलं घेऊन आली आणि तिनं ते वरून तुझ्या आईच्या पदरात टाकलं. घ्या म्हणाली नाही, हवं का म्हणून विचारलं नाही. मावशीला त्यातली जिलबी आठवत होती. तुला ते न विचारणं आठवत राहिलं असणार. हे कळल्यावर मला तुझी फार दया आली, आये. राग मात्र गेला नाही. इतकी वर्षं ते दोन्ही माझ्याजवळ शेजारी शेजारी राहिलेत.

आणि नशीब बघ, असा नियम घेऊन तू नांदायला आलीस ती आबाच्या घरात. आबाला आयुष्यात नको हा शब्द उच्चारता आला नाही. महाडच्या लाकडाच्या वखारीत तो कामाला होता तेव्हाही आणि वखार बंद पडल्यावर मिळेल ते करत होता तेव्हाही. कुणी "चहा घेणार का" म्हणायच्या आत तो बाकड्यावर बसलेला असायचा. पोलादपूरच्या बाजारात त्याला वडापाव खाऊ घालून लोक अख्खा ट्रक भरून घ्यायचे आणि तो हसत हसत भरायचा. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचं घरभरणं, आबा पहिल्या पंगतीला. "अजून वाढू?" म्हटलं की ताट पुढे. तू बायकांत बसून ते बघायचीस आणि तुझा चेहरा असा व्हायचा की मी माझी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठायची.

तू त्याला कधी काही बोलली नाहीस. जे त्याला बोलायचं होतं ते सगळं तू आमच्यावर काढलंस. त्याचा हात पुढे जायचा म्हणून आमचे हात मागे बांधलेस. मिलिंद त्याच्यासारखा दिसायचा, त्याच्यासारखाच हसायचा, म्हणून त्याच्या वाट्याला जास्त आलं.

लाडवाचा दिवस तुला आठवत होता का गं? मी कधी विचारलं नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींकडे तू भात कांडायला जायचीस. एकदा आम्ही दोघं तुला बोलवायला गेलो. गुरुजींच्या बायकोनं डब्यातून दोन बेसनाचे लाडू काढले. मी नको म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नको म्हटलं. ती म्हणाली, "बरं बाई," आणि माझा लाडू डब्यात परत ठेवला. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मिलिंदनं तेवढ्यात त्याचा लाडू अर्धा खाल्ला होता.

घरापर्यंत आलो. मग तू त्याच्या हातातला उरलेला अर्धा लाडू बघितलास आणि त्याचं मनगट धरून त्याला तसाच परत नेलास, भर दुपारी, त्याच रस्त्यानं. मीही मागे होते. गुरुजींच्या उंबऱ्यावर तू त्याला तो उष्टा अर्धा लाडू ठेवायला लावलास आणि म्हणायला लावलंस, "चुकलं, परत घ्या." त्याच्या ओठांना बेसन लागलेलं होतं. ती बाई बिचारी "अहो असू दे हो, लहान आहे" म्हणत होती आणि तिला कळत नव्हतं की आपलं काय चुकलं. मिलिंद रडला नाही. त्याची चड्डी मात्र ओली झाली.

आणि परत येताना तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. आये, तू आम्हाला जवळ घेणारी आई नव्हतीस. मला आठवतो तेवढ्या बालपणात तो हात एकदाच फिरला. लाडू न मिळालेली, पोटात कावळे ओरडत असलेली मी, त्या हातासाठी नंतर आयुष्यभर नको म्हणत राहिले.

घरी गरिबी होती हे मी नाकारत नाही. तू कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलून महाडच्या बाजारात विकायचीस. दुपारभर आम्ही दोघं कोमट पाण्यात हात घालून वाल सोलायचो. बोटांची टोकं पांढरी पडायची, सुरकुतायची. अख्खे दाणे गिऱ्हाइकाचे, फुटलेले आपल्या आमटीत. मिलिंद मुद्दाम फोडायचा. तुला कळलं तेव्हा तू फुटलेले दाणेही वेगळे विकायला नेलेस, स्वस्तात, आणि आठवडाभर आमटीत नुसतं पाणी आणि कोकम होतं. पण गरिबी आजूबाजूला सगळ्यांकडे होती. कमळाकाकीची पोरंही उपाशी झोपायची, पण कुणी भाकरीचा तुकडा दिला तर ती खाऊन टाकायची आणि खेळायला जायची. आमच्या भुकेला तू शिस्त लावलीस. ती शिस्त पोट भरल्यावरही सुटत नाही.

मागच्या वर्षी पोलादपूरला आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. घरची परिस्थिती आणि आईवडिलांचा स्वभाव यांनी मूल कसं घडतं, असा विषय होता. आम्हाला गटागटानं बसवलं, चार्टपेपर दिले, रंगीत पेनं दिली. आमच्या गटातल्या बाईंनी झाड काढलं, मुळांना गरिबी लिहिलं आणि फांद्यांना न्यूनगंड, चिडचिड, अबोलपणा. टाळ्या पडल्या. दुपारी जेवणात गुलाबजाम होते. वाढणारा म्हणाला, "मॅडम, गुलाबजाम?" मी नको म्हटलं. तो दुसऱ्यांदासुद्धा न विचारता पुढे गेला. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पगारदार, एका मुलीची आई, आणि पुढच्या ताटात पडणाऱ्या गुलाबजामाकडे बघत बसली होती. त्या झाडावर हे कुठल्या फांदीला लिहायचं ते मला सुचलं नाही.

आता वसतिगृहाचं. हे भांडण आपण पुरं केलंच नाही.

मी सातवी पास झाले तेव्हा महाडच्या एक बाई घरी आल्या होत्या. मुलींच्या वसतिगृहात एक जागा होती. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथं. त्या ओटीवर बसल्या, तू पुढ्यात परात घेऊन वाल सोलत होतीस. बाईंनी मला विचारलं, येशील का. मी तुझ्याकडे बघितलं. तू मान वर केली नाहीस. मी नको म्हटलं. बाई म्हणाल्या, नीट विचार कर, पुन्हा अशी जागा मिळायची नाही, येतेस का. मी पुन्हा नको म्हटलं. माझं सगळं अंग तिसऱ्या वेळेची वाट बघत होतं. बाईंनी चहा संपवला, कपबशी बाजूला सरकवली आणि त्या गेल्या. जागा तुडीलच्या एका मुलीला मिळाली. मी दोन वर्षं घरी बसले, वाल सोलत.

ती दोन वर्षं कुणी संपवली ते तरी काल कुणी माइकवर सांगायला हवं होतं. आबानं संपवली. बाजारात कुणीतरी त्याला सहज विचारलं, पोरीला शाळेत घालायची का, ओळखीनं करून देतो. आबा म्हणाला, घालतो की. एका दमात. दुसऱ्या दिवशी मी शाळेत होते. तू महिनाभर त्याच्याशी बोलली नाहीस, कारण त्यानं पटकन हो म्हटलं होतं.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मी तुला विचारलं होतं, "त्या दिवशी तू का नाय बोललीस गो? एक शब्द तरी बोलायचा."

तू शांतपणे म्हणालीस, "तिनं तिसऱ्यांदा इचारलं असतं तर मी स्वता ट्रंक डोक्यावर घेऊन तुला सोडाय आले असते."

आणि हे खोटं नव्हतं. ती पत्र्याची ट्रंक तू आदल्या दिवशी राखेनं घासून उन्हात ठेवली होतीस. मी बघितलं होतं. तुला मला पाठवायचं होतं, मला जायचं होतं, त्या बाईंना न्यायचं होतं, आणि ट्रंक उन्हात वाळत पडली. तुझं ते वाक्य मी जपून ठेवलं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. तू मला जे दिलंस त्यातलं सगळंच वाईट नव्हतं. वर्गात खिचडी वाढताना मी बघत असते. दुसऱ्यांदा ताट पुढे करणारी पोरं असतात, ती आबाच्या वळणाची. आणि एखादी असते, जी ताटाच्या कडेला बोट फिरवत "नको बाई" म्हणते. तिला मी तीनदा विचारते. न चुकता तीनदा. शिवथरच्या खोऱ्यात शाळेवर होते तेव्हा एक मुलगी मी तिसऱ्यांदा विचारल्यावर एकदम रडायलाच लागली आणि मग तिनं चार वेळा खिचडी घेतली. बाकीच्या शिक्षकांना असलं दिसत नाही. मला दिसतं ते तुझ्यामुळे. म्हणजे तिसऱ्यांदा कसं विचारायचं ते मला येत होतं, आये. परक्याच्या पोरीला मी ते रोज विचारत होते.

पुराच्या वर्षीचंही राहिलं. सावित्रीचं पाणी घरात शिरून गेलं, चिखल पोटरीपर्यंत, तांदूळ भिजून आंबलेला. मुंबईहून टेम्पो आला मदत घेऊन. पोरं भराभरा पिशव्या देत होती. एकानं तुला म्हटलं, "आजी, घ्या." तू नको म्हणून मान हलवलीस. तो पुढच्या माणसाकडे वळला. तू तिथंच उभी राहिलीस, पदर डोक्यावर, ताठ. टेम्पो निघून गेला तरी उभी. आबानं दोन पिशव्या घेतल्या होत्या, एक कमळाकाकीला दिली आणि एक घरी आणली. त्यातला भात तू शिजवलास आणि तू खाल्लास. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की आपल्या घरात घेण्याचं काम आबाकडे होतं आणि मानाचं काम तुझ्याकडे. आमच्या लहानपणी तो वर्तमानपत्रात बांधून अर्धा वडा आणायचा, तोही तू खायचीस, आमच्याकडे पाठ करून. लोक त्याला हसले आणि तुला मान दिला. तो गेला तेव्हा कुणी भाषण केलं नाही.

हे मी तुला तू असताना सांगायला हवं होतं. तुझ्यासमोर माझं तोंडच उघडायचं नाही.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हृदयाच्या नळ्या चोंदल्यात, पनवेलला न्या, आठ दिवसांच्या आत. मी तिथंच तुला विचारलं, "आये, जायचं ना पनवेलला?" तू म्हणालीस, "नको." खोलीत डॉक्टर होते, नर्स होती. तुझ्या गणितात ती रीत झाली. दुसऱ्यांदा मी चार दिवसांनी ओटीवर विचारलं. तू वाल सोलत होतीस, त्याच जागी, तसलीच परात. तुझा जावई सुधीर खाली रस्त्यावर मोटरसायकल चालू ठेवून उभा होता, कमळाकाकी तिच्या अंगणातून बघत होती. मी म्हटलं, "काय ठरवलंस गो? नेऊ का पनवेलला?"

"नको गो. तुजी शाळा, पोरीची धावी. कशाला आता. नको."

आणि मग तू वर बघितलंस.

मी ती नजर ओळखली, आये. मी ती नाही ओळखणार तर कोण ओळखणार? तोंडानं नको म्हणून झाल्यावर डोळे समोरच्यावर ठेवायचे आणि वाट बघायची, हे मी लाडवाच्या डब्यासमोर केलंय, वसतिगृहाच्या बाईंसमोर केलंय, सासरी पहिल्या दिवशी जेवणाच्या ताटासमोर केलंय. तुझ्या हातातला वाल तसाच राहिला होता. तू वाट बघत होतीस.

मी म्हटलं, "बरं." आणि पिशवी खांद्याला लावून उतरले.

सुधीरला आपला नियम ठाऊक आहे. लग्नानंतर वर्षभरात त्याला तो कळला आणि तेव्हापासून तो मला घरात साधी चहाची विचारणा करतानासुद्धा बोटं मोजून दाखवतो, चेष्टेनं. त्या दिवशी मी मागे बसले तेव्हा त्यानं गाडी सोडली नाही. मान वळवून म्हणाला, "अजून एकदा विचार."

"तिला नको आहे," मी म्हटलं.

त्यानं आरशातून मला दोन बोटं दाखवली. चेष्टा नव्हती त्यात. मी दुसरीकडे बघितलं. मग तो निघाला.

मी का विचारलं नाही? आठ दिवस झाले, मी स्वतःला वेगवेगळी उत्तरं देऊन बघतेय. शाळा होती, खर्च होता, तुझ्या नातीची, ओवीची, दहावीची परीक्षा होती. यातलं काही खरं नाही. रजा शिल्लक होती, पैशांची सोय झाली होती, ओवी स्वतः म्हणाली होती की आजीला आण. मी विचारलं नाही, कारण तिसऱ्यांदा मनातून विचारावं लागतं आणि मी माझ्या मनात बघितलं तर तिथं ते नव्हतं. तिथं उन्हात वाळणारी ट्रंक होती. तू एकदा तरी, आयुष्यात एकदा, स्वतःच्या तोंडानं "हो, ने मला" म्हणावंस असं मला वाटत होतं. नाही म्हणणार असशील तर बस वाट बघत, जशी मी बसले. असं मी मनात म्हटलं, आये, अगदी या शब्दांत. महाड पार करून पोलादपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत मला बरं वाटत होतं.

मिलिंद भिवंडीहून आला तो तू गेल्यावरच. तो टेम्पो चालवतो, जाडा झालाय, सगळ्यांकडे खातो, सगळ्यांना खाऊ घालतो. तुला त्याच्याकडे कधी करमलं नाही. त्याला मी सगळं सांगितलं, दोनदा विचारलं तेही. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "तू इचारलंसच कशाला? उचलून टेम्पोत घालायची नि न्यायची. बोंबलली असती दोन दिस." त्याला तू इतकं मारलंस, तरी त्याला हे सरळ सुचलं. मला सुचलं नाही. मी तुझी गुणी मुलगी.

परवा त्यानं भाताच्या कणगीच्या मागे हात घातला आणि पिशवी काढली. ती पिशवी बघून मी आधी ओळखलीच नाही. माझीच होती, जुनी, शाळेच्या कामाची. आत दोन लुगडी, घडी घातलेली. टॉवेल. चष्मा. डॉक्टरांची फाइल, आधार कार्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून. स्टीलच्या डब्यात सुक्या बोंबलांची चटणी. आणि बिस्किटांचा एक पुडा, प्रवासात लागेल म्हणून.

कमळाकाकी दारात उभी होती. तिला ती पिशवी माहीत होती. तिनं सांगितलं ते मी तुला परत सांगायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते शेवटचे दिवस तू रोज सकाळी लवकर आंघोळ करून बाहेर जायचं लुगडं नेसून ओटीवर बसायचीस. काकीनं विचारलं, कुठं चाललीस. तू म्हणालीस, "पोरगी येनार हाय. अजून एकदा इचारील ती. माजीच पोरगी हाय."

मिलिंदनं तो बिस्किटांचा पुडा फोडला. तिथंच, जमिनीवर बसून, एकामागून एक खाल्ली, रडत रडत, आबासारखी. मग पुडा माझ्यापुढे धरला. "खा." मी नको म्हटलं. "खा गो, आयेची हायेत." मी नको म्हटलं. त्यानं पुडा खाली ठेवला आणि शर्टानं तोंड पुसलं. ओठांना चुरा लागला होता.

काल भाषणं संपल्यावर कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मुलीनं दोन शब्द बोलावेत. मला काहीच बोलायचं नव्हतं. तुझा फोटो समोर होता, लग्नाला जाताना काढलेला, पदर डोक्यावर. मी माइक तोंडाशी धरला आणि माझ्या तोंडून निघालं, "आये, चल, पनवेलला जाऊ. येतेस का?" लाउडस्पीकरवरून ते अख्ख्या वाडीत ऐकू गेलं. बायका हुंदके द्यायला लागल्या. सुधीरनं मान खाली घातली. मिलिंद उठून बाहेर गेला.

मला क्षणभर वाटलं, झालं. विचारलं एकदाचं.

मग मी आजूबाजूला बघितलं. सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, आये. म्हणजे तुझ्या मोजणीत हे पुन्हा दुसऱ्यांदाचंच झालं.